खर्जाचे समाधान : तंबोऱ्यापासून हेडफोनपर्यंत



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटलं, ते आम्ही ऐकलं. ज्याने उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवला तो सांगवीत येऊन हेडफोनवर काय बोलणार, असे वाटणे साहजिक आहे. पण हा विषय आम्ही शोधलेला नाही, तो आमच्या अंगावर आला. कसा, ते आधी सांगतो.

दिवाळीच्या सुट्टीत नातू आला होता. आमचे वय आता सत्तरीच्या पुढे. रात्री झोप उशिरा लागते, जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणे ऐकायची सवय आहे आणि घर तर झोपलेले असते. नातू म्हणाला, "आबा, तुम्ही हेडफोन घ्या." म्हणून दोघे बारामतीला एका दुकानात गेलो. दुकानदाराने दोन नग पुढे ठेवले. पहिला कानावर चढवला आणि एका जुन्या मैफलीचे मुद्रण लावले. डग्ग्यावर हात पडला की धान्याची पोती टाकल्यासारखा आवाज येई, आणि गायकाचे शब्द त्या पोत्यांखाली. नातू खूष. "आबा, बेस बघा कसाय!" दुसरा लावला, तर सगळे शब्द स्वच्छ; पण डग्गा पत्र्याच्या डब्यासारखा आणि तंबोरा जवळजवळ नाहीच. दुकानदाराने सरळ विचारले, "सर, तुम्हाला बेस जास्त पाहिजे का कमी?"

आम्हाला उत्तर देता येईना. जास्त म्हणजे कशापेक्षा जास्त? कमी म्हणजे कशाहून कमी? माप कुठले? मोजमापाशिवाय 'जास्त' आणि 'कमी' हे शब्द पोकळ आहेत, हे आम्ही वर्गात मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो, आणि दुकानात आमच्यापाशीच माप नव्हते. त्या दिवशी काही न घेता परत आलो. पुढचे दोन महिने ह्या प्रश्नाचा इतिहास चाळत बसलो. त्यातून जे हाती लागले ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

सुरुवात शब्दापासून करू. आज आपण 'बेस' म्हणतो. आपला जुना शब्द खर्ज. 'षड्ज'चा खर्ज झाला, आणि खालच्या सप्तकातल्या भारदस्त आवाजाला ते नाव चिकटले. पहाटे उठून खर्जाचा रियाज करतात तो हाच. तंबोऱ्याला साधारणपणे चार तारा असतात. मधल्या दोन जोडीच्या, पहिली पंचमाची किंवा मध्यमाची, आणि शेवटची जाड तार ती खर्जाची. पुरुष गायकाने काळी एक हा स्वर धरला, तर त्याचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारे 139 कंपनांचा असतो. खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 कंपनांच्या आसपास. घरातल्या विजेचा प्रवाह सेकंदाला 50 आवर्तनांचा असतो. हा आकडा त्याच्या थोडासाच वर. हवेत ह्या आवाजाची एकेक लाट जवळजवळ पाच मीटर लांबीची होते. लांब लाट उठवायची तर मोठे अंग हलवावे लागते. म्हणून तंबोऱ्याला एवढा मोठा भोपळा लागतो.

हा भोपळा कुठून येतो? फार लांबून नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून आणतात. तुमची नीरा पुढे ज्या भीमेला मिळते, तिच्याच खोऱ्यातला तो मुलूख. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आले आहे. करणारी घराणी शिकलगारांची, म्हणजे मुळात हत्यारांना धार लावणारी. संस्थानी लढाया संपल्या, तलवारींचे काम सरले, आणि त्याच हातांनी सतार-तंबोरे घडवायला घेतले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

आता मिरजेहून सांगवीकडे येऊ. आपले गाव दोन पालख्यांच्या मध्ये आहे. एका अंगाला बारामती, तिथून तुकोबांची पालखी सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. दुसऱ्या अंगाला नीरेपलीकडे फलटण, तिथून माउलींची पालखी जाते. आषाढी जवळ आली की दोन्हीकडे मृदंग वाजतो. मृदंगाच्या उजव्या तोंडावर कायमची शाई असते, पण डाव्या तोंडावर वाजवण्याआधी ओली कणीक थापतात आणि वाजवून झाले की खरवडून काढतात. हे का करतात? कातड्याचे वजन वाढले की ते सावकाश हलते आणि आवाज खाली उतरतो. म्हणजे बेस वाढवायचे बटणच म्हणा ना! फरक एवढाच की हे बटण वादकाच्या बोटांत आहे. पाऊस असेल, कातडे ओलावले असेल, तर त्या दिवशीचा अंदाज वेगळा.

लहानपणी आम्ही एका मृदंगवाल्या बुवांना विचारले होते, "बुवा, कणीक किती लावायची हे कसं कळतं?" ते म्हणाले होते, "पोरा, लावतो डाव्याला, पण कान असतो उजव्याकडं. उजव्याचा बोल मोकळा निघाला म्हणजे डाव्याला पुरे झाली." तेव्हा हे बोलणे आमच्या डोक्यावरून गेले. दुकानातून परत येताना एसटीत ते अचानक आठवले. ते लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

नुसता मृदंगच नव्हे. ह्या भागात धनगरी गजीचा ढोल आहे, गोंधळ्याचे संबळ आहे. संबळात तर एक भांडे चढ्या आवाजाचे आणि एक खालच्या, दोन्ही कमरेला शेजारी शेजारी बांधलेली. म्हणजे आपल्याकडे खर्ज कधीच एकटा नव्हता, त्याची जोडी कायम वरच्या आवाजाशी होती. आणि तो कानाइतकाच छातीलाही कळायचा. गजीच्या रिंगणाजवळ उभे राहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

मग ह्यात यंत्र आले. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला उतरले आणि गौहर जान यांच्यासारख्या गायिकांची मुद्रणे झाली. विजेचा मायक्रोफोन अजून यायचा होता. एक मोठा कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाला पडदा, पडद्याला सुई, आणि सुईखाली फिरणारे मेण. गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालून गायचे. त्याच्या आवाजाच्या जोरावरच सुई हलायची. ह्या यंत्राला साधारण दोन-अडीचशे कंपनांच्या खालचे आणि दोन-अडीच हजारांच्या वरचे फारसे काही पकडताच येत नसे. युरोपात वाद्यवृंदाचे मुद्रण करताना मोठे डबल बास बाजूला ठेवून त्यांच्या जागी ट्यूबा वाजवत, कारण तंतुवाद्याचा खर्ज कर्ण्यात शिरतच नसे.

आमच्याकडे काय गळाले, त्याचा हिशेब करा. खर्जाची तार 69 वर, म्हणजे ती गेली. जोडीच्या तारा 139 वर, त्यांचा मूळ स्वर गेला. डग्ग्याचा घुमारा गेला. उरले काय? गळा, सारंगी किंवा पेटी, आणि तबल्याची टकटक. खांसाहेब अब्दुल करीम खां मिरजेला स्थायिक झाले होते. तंबोरा जुळवण्यातल्या त्यांच्या बारकाईची आठवण जुने लोक सांगत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्यांच्या तबकड्यांत तोच तंबोरा शोधावा लागतो. ज्या माणसाच्या गाण्याचा पायाच जुळलेला तंबोरा, त्याच्या मुद्रणात पाया नाही.

आणि तरी लोकांनी त्या तबकड्या जिवापाड जपल्या. मग त्यांना ही उणीव जाणवली नाही का? इथे आपल्या कानाची एक गंमत आहे. समजा 69 चा मूळ स्वर यंत्राने गाळला. पण त्याचे वरचे भाऊबंद, म्हणजे 208, 277, 346 हे उरले. त्या प्रत्येकातले अंतर 69 च आहे. मेंदू हे अंतर ओळखतो आणि नसलेला मूळ स्वर आपल्याला ऐकवतो. ह्यावर युरोपात एकोणिसाव्या शतकात झेबेक आणि ओम ह्यांच्यात मोठा वाद झाला, आणि विसाव्या शतकात शौटेन ह्यांनी त्याचा नव्याने अभ्यास केला. त्याला शास्त्रात 'हरवलेला मूळ स्वर' अशा अर्थाचे नाव आहे. स्वर कुठला ते कळते. त्याचे वजन मात्र येत नाही. ज्याने मिरजेचा तंबोरा जवळून ऐकलेला, तो तबकडी ऐकताना आठवणीतून ते वजन भरून काढी. ज्याने कधीच ऐकला नाही, त्याला ती टकटक म्हणजेच तबला वाटला. आमच्या मते ह्या इतिहासातला पहिला महत्त्वाचा धडा हा. यंत्र जे गाळते, ते ज्याच्या आठवणीत आहे त्याला परत मिळते, इतरांना नाही.

1925 पासून विजेवरचे मुद्रण सुरू झाले आणि खालचा पल्ला शंभरच्या आसपास उतरला. अब्दुल करीम खांसाहेबांची तिसाच्या दशकातली मुद्रणे ऐका. त्यांच्या आधीच्या तबकड्यांशेजारी ठेवून ऐका. गळ्याभोवती जरा जागा आल्यासारखी वाटते. 1937 साली खांसाहेब गेले. म्हणजे सुधारलेले यंत्र त्यांना जेमतेम शेवटी शेवटी मिळाले.

पुढे रेडिओ आला. जुने व्हॉल्व्हचे रेडिओ लाकडी पेटीत असत आणि त्यांचा स्पीकर चांगला ताटलीएवढा. पुणे आकाशवाणी केंद्र 1953 साली सुरू झाले, तेव्हा ज्यांच्या घरी असा रेडिओ होता त्यांच्या कानाला एक ऊबदार खर्ज सवयीचा झाला. मग ट्रान्झिस्टर आला. मोठी क्रांती होती ती, बरं का! शेताच्या बांधावर, मोटेवर, गोठ्यात गाणे पोचले. पण स्पीकर झाला तळहाताएवढा. खर्ज पुन्हा गेला. ज्या पिढीने शेतात ट्रान्झिस्टरवर गाणी ऐकली, म्हणजे आमच्या पिढीने, तिच्या लेखी गाणे म्हणजे गळा आणि बासरी. डग्गा कोणाला ऐकू येत होता!

आता हेडफोनकडे वळू. ह्याचा जन्म संगीतासाठी झालेलाच नाही. टेलिफोन चालवणाऱ्या मुली आणि बिनतारी संदेश घेणारे खलाशी ह्यांच्यासाठी तो होता. 1910 च्या सुमारास अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थांनी घरच्या स्वयंपाकघरात बनवलेले हेडफोन तिथल्या आरमाराने घेतले. काम काय? कट्ट-कड्ड ऐकणे, शब्द ऐकणे. तिथे खर्जाची गरजच नव्हती. संगीतासाठी दोन्ही कानांना वेगळा आवाज देणारा हेडफोन जॉन कॉस ह्यांनी 1958 साली मिलवॉकीत आणला. आणि 1 जुलै 1979 ला जपानमध्ये सोनीचा वॉकमन विक्रीला आला. तिथून गाणे ही रस्त्याने चालताना एकट्याने ऐकायची गोष्ट झाली.

रस्त्यावर ऐकायचे म्हटले की एक अडचण येते, आणि 'जास्त बेस'चा जन्म बराचसा तिच्यातून आहे. 1933 साली फ्लेचर आणि मन्सन ह्या दोन संशोधकांनी दाखवले की माणसाचा कान सर्व आवाजांना सारखा न्याय देत नाही. आवाज हळू असेल तर खर्ज सगळ्यात आधी नाहीसा होतो. 50 कंपनांचा आवाज आणि 1000 कंपनांचा आवाज दोन्ही हळू ऐकताना सारखे वाटायला हवे असतील, तर खालच्याला सुमारे 30 डेसिबल जास्त जोर द्यावा लागतो. म्हणून जुन्या अॅम्प्लिफायरवर 'लाउडनेस'चे बटण असे. हळू ऐकताना ते दाबायचे, मोठ्याने ऐकताना सोडायचे. त्यात रस्त्यावर मोटारींचा, एसटीच्या इंजिनाचा खर्ज बाहेरून येतो आणि गाण्यातला खर्ज झाकून टाकतो. तेव्हा कंपन्यांनी यंत्रातच खर्ज वाढवून द्यायला सुरुवात केली आणि ते ठळक अक्षरांत खोक्यावर छापले. 'मेगा बास' ही अक्षरे तुमच्यापैकी कित्येकांनी डेकवर वाचली असतील. उपाय म्हणून आलेली गोष्ट पुढे गुण म्हणून विकली गेली. लाउडनेसचे बटण सोडायचे असते, हे लोक विसरले.

आपल्या भागातले त्याचे रूप तुम्ही रोज बघता. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरवर डेक वाजत असतो. आम्ही ह्याला नुसती नावे ठेवणार नाही. रात्रभर ट्रॅक्टर चालवायचा, डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही, आणि इंजिनाच्या धडधडाटावर गाणे ऐकायचे, तर खर्ज वाढवल्याशिवाय ते ऐकूच येणार नाही. ड्रायव्हरने निवडलेला बेस त्याच्या इंजिनाच्या मापाने बरोबर आहे. रस्त्याकडेच्या घरात निजलेल्या माणसाच्या मापाने तो चूक आहे. भिंत वरचे आवाज अडवते, खर्ज मात्र आत येऊ देते. घरात पोचते ती नुसती धडधड.

मिरवणुकीच्या डीजेचेही तेच. आणि इथे कायद्याच्या मापात एक फट आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे. पण हे डेसिबल 'ए' ह्या मापाचे. हे माप हळू आवाज ऐकणाऱ्या कानावरून बेतलेले असल्याने त्यात 50 कंपनांचा आवाज सुमारे 30 डेसिबलने कमी धरला जातो. डीजे तर हळू वाजत नाही! म्हणजे ज्या खर्जाने खिडकीची काच थरथरते आणि म्हाताऱ्याची छाती धडधडते, त्याच खर्जाला ते मीटर सगळ्यात कमी मोजते. बेस किती असावा हा प्रश्न नुसत्या आवडीनिवडीचा नाही, तो शेजाऱ्याचाही आहे. त्या अर्थाने हेडफोन ही सभ्य वस्तू आहे. ज्याला खर्ज पाहिजे त्याने आपल्या कानापुरता घ्यावा.

हे सगळे टिपण आम्ही नातवाला वाचून दाखवले. शेवटी म्हणालो, "तर असं आहे. मूळ वाद्यातून जेवढा खर्ज येतो तेवढाच हेडफोनमधून यावा, हे माप." तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आबा, तुमच्या गाण्यात तंबोरा आहे, डग्गा आहे, ते ठीक. पण मी जे ऐकतो त्यात मूळ वाद्यच नाही. तो आवाज यंत्रातच तयार होतो. मग मी कशाशी ताडून बघू?"

मंडळी, हा आक्षेप खरा आहे आणि आम्हाला तो आधी सुचला नव्हता. 1980 साली रोलँड कंपनीचे टीआर-808 हे तालयंत्र आले. त्याच्या खालच्या ठोक्याला कुठल्याही कातड्याचा आधार नाही. तो विजेतूनच जन्मतो, आणि पुढच्या कित्येक प्रकारच्या संगीताचा पाया तोच झाला. तिथे 'मूळ वाद्यासारखा' ह्या शब्दांना अर्थ राहत नाही. मूळ आणि नक्कल हा भेदच तिथे मोडतो. आम्ही नातवाला म्हटलं, "अरे, तुझं बरोबर आहे. आमचं माप अपुरं पडलं."

मग माप कुठले? तेव्हा ते कणकेचे बुवा परत आठवले. लावायची डाव्याला, कान उजव्याकडे. बुवांनी खर्जाचे माप खर्जात ठेवलेच नव्हते. त्याच्यावर जे उभे आहे ते मोकळे निघते का, हे त्यांचे माप. हे तंबोऱ्यालाही लागू होते आणि 808 लाही. यंत्राचा ठोका असेना का, त्याच्या वर कोणीतरी गाते आहे, काहीतरी सांगते आहे. ते कळत असेल तर खर्ज पुरेसा. ते बुडाले तर जास्त. ते उघडे, पोरके वाटले तर कमी.

ह्याला शास्त्राचाही आधार आहे. खालचा मोठा आवाज वरच्या आवाजांना झाकतो. वरचा आवाज खालच्याला तितका झाकत नाही. आणि वय झालेल्या माणसाचे ऐकणे वरून कमी होत जाते. 'स', 'श', 'त', 'फ' ही व्यंजने आधी पुसट होतात, खर्ज शेवटपर्यंत शाबूत राहतो. म्हणून आमच्या वयाच्या माणसाने दणदणीत बेसचा हेडफोन घेतला, तर जे थोडे ऐकू येते तेही झाकले जाईल. नातवाच्या कानाला तो बेस खपेल, आम्हाला नाही. अमेरिकेत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात हार्मन कंपनीत पुष्कळ श्रोत्यांवर प्रयोग केले. बहुसंख्यांना जो हेडफोन आवडला तो चांगल्या खोलीत चांगला स्पीकर जसा वाजतो त्याच्या जवळचा होता, म्हणजे खर्ज थोडा उचललेला, फार नाही. काहींना त्याहून जास्त हवा होता, काहींना कमी. वयाने आवड बदलते असेही दिसले. तेव्हा 'बरोबर बेस' असा एकच नाही. पण वाटेल तो बरोबर, असेही नाही.

आता दुकानात जाल तेव्हा काय करायचं, ते थोडक्यात सांगतो.

पहिलं, फट बघा. कानात घालायच्या बोंडाला निरनिराळ्या मापांची रबरे येतात. माप चुकले आणि फट राहिली की खर्ज त्या फटीतून निसटतो, आणि आपण हेडफोनला दोष देतो. कानावर बसणारा असेल तर चष्म्याची दांडी फट पाडते. चष्मा लावूनच तपासा. इवल्याशा पडद्यातून एवढा खर्ज निघतो तो कानाची पोकळी बंद असते म्हणून. पाच मीटरची लाट हवेत उठवायची नसते, त्या चिमूटभर हवेचा दाब हलवायचा असतो.

दुसरं, ऐकणार कुठे ते ठरवा. शांत खोलीत ऐकणार असाल तर पाठ उघडी असलेला हेडफोन चालतो. त्यात खर्ज कमी, पण ऐसपैस वाटते. एसटीत ऐकणार असाल तर बंद पाठीचा, किंवा बाहेरचा आवाज उलट्या लाटेने खोडणारा घ्या. अमर बोस ह्या बंगाली वडिलांच्या अमेरिकन प्राध्यापकांना 1978 साली विमानात बसल्या बसल्या ही कल्पना सुचली. ती युक्ती इंजिनाच्या खर्जावरच सगळ्यात चांगली चालते. बाहेरचा खर्ज गेला की आतला वाढवावा लागत नाही.

तिसरं, तीन गोष्टी ऐका. एक, नुसता तंबोरा. चौथ्या तारेवर बोट पडल्यावर आवाज भरून येतो का, आणि येऊन जिरतो का, की नुसताच घुमत राहतो? दोन, डग्ग्याची मींड. मनगट सरकते तसा आवाज चढत जातो. तो चढ कळला पाहिजे. नुसता 'धब्ब' ऐकू आला तर तो खर्ज नव्हे, गोंगाट. तीन, एखाद्याचे साधे बोलणे. पुरुष विहिरीतून बोलतोय असे वाटले की तो नग खाली ठेवा. आणि तुम्ही जे रोज ऐकता ते गाणे शेवटी ऐका, आधी नको. आवडीच्या गाण्याला आपण सगळं माफ करतो.

चौथं, दोन नग ताडताना आवाज सारखा ठेवा. जो मोठा वाजतो त्याचा बेस आपोआप जास्त वाटतो, कारण फ्लेचर-मन्सन. आणि घरी आल्यावर आवाज बेताचा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याला 40 तास 80 डेसिबलचा आहे. दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मी. खर्जाच्या हव्यासापायी माणूस आवाज वाढवतो आणि गमावतो मात्र वरची व्यंजने.

आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने ओळखले. म्हणाला, "सर, ठरलं का, जास्त का कमी?" आम्ही म्हटलं, "तंबोरा लावून द्या, आणि नंतर कोणाचं तरी कीर्तन लावा." चार नग झाले. तिसरा घेतला. नातवाने त्याच्यासाठी वेगळा घेतला, त्याचा बेस आमच्याहून बराच जास्त आहे. पण घेताना तो ठोका सोडून गाणारी काय म्हणते तिकडे कान देऊन होता, हे आम्ही पाहिलं.

एक विनंती करून थांबतो. ह्या आषाढीला पालखी बारामतीत किंवा पलीकडे फलटणला येईल, तेव्हा घरातल्या लहान पोरांना मृदंगवाल्याच्या अगदी जवळ नेऊन उभे करा. कणीक थापताना त्यांना बघू द्या, डाव्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकू द्या. पुढे ती कुठलेही यंत्र विकत घेवोत, त्यांच्यापाशी ताडून बघायला काहीतरी असेल.

 कोणाचे प्रश्न असतील तर विचारा. जरा मोठ्याने विचारा, 'स' आणि 'श' आम्हाला आताशा कमी ऐकू येतात.